एका नमस्काराची तपासणी

अण्णा टेकाळे माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, हाताकडे बघत. उभा जन्म लाल गाड्यांवर तिकीट तपासण्यात गेलेला. बीड, वडवणी, आष्टी या रस्त्यांवर गाडी कुठल्या वळणाला हळू होते आणि कुठल्या लिंबाखाली उभं राहिलं की कंडक्टरला आपण दिसत नाही, हे त्यांना पाठ होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. आमच्या दैनिकाच्या ऑफिसात ते पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी उठून नमस्कार केला. त्यांनी नमस्कार घेतलाच नाही, माझी बोटं बघितली.

"टायपिंग तुमीच करता?"

"हो."

"मग बोटाला शाई कशाची?"

मी सांगितलं, सकाळी निघताना लेकीच्या वहीला रेघा मारून दिल्या, त्याची. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

मी तेव्हा पालीहून रोज बीडला येऊन-जाऊन करायचे. दुष्काळाचं ते तिसरं वर्ष होतं. बिंदुसरा धरणाच्या पोटातली माती भेगाळून उघडी पडलेली गाडीतून दिसायची, आणि गाडीतल्या लोकांनी त्या बाजूला बघणंच सोडून दिलं होतं. आमचं दैनिक चार पानांचं. हातानं लिहून आलेला मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करायचं काम माझं. मंगळवारी तिसऱ्या पानावर राजकारणाची दोन सदरं शेजारी शेजारी छापायची, ही आमच्या संपादकांची, भाऊसाहेबांची, युक्ती. डावीकडे अण्णांचं 'तिकीट दाखवा', उजवीकडे रामराव जहागीरदार वकिलांचं 'साफ बात'. लोक अंक हातात घेतला की आधी तिसरं पान उलगडायचे.

भांडण कारखान्यावरून असायचं. साखर कारखाना सहकारी, म्हणजे कागदोपत्री सगळ्या सभासद शेतकऱ्यांचा. पण वीस वर्षं चेअरमन एकच होते, आणि आमच्या भागातलं सगळं राजकारण त्या कारखान्याच्या फाटकातूनच आत-बाहेर व्हायचं. वकील चेअरमनच्या बाजूचे. कारखान्याचे कायदेशीर सल्लागारही तेच. अण्णा विरोधी पॅनेलकडून लिहायचे.

दोघांची ऑफिसात गाठ कधी पडत नसे. अण्णा सोमवारी सकाळी वडवणीच्या गाडीने यायचे, वकील दुपारी कोर्ट आटोपून. अण्णांचा कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला. समास नाही, दोन ओळींत जागा नाही, आणि शेवटच्या शब्दापासून काठापर्यंत एक आडवी रेघ ओढलेली.

"अण्णा, थोडी जागा सोडत जा, मला वाचायला सोपं जाईल," मी एकदा म्हणाले.

"रिकामी जागा ठिवली की त्यात कुणीतरी कायतरी लिवतं, मालनबाई."

टाइप झालं की ते माझ्या मागे उभं राहून ओठ हलवत शब्द मोजायचे. एखादा कमी भरला तर असं बघायचे, की जणू मी तो पदराखाली दडवलाय. वकिलांचं सगळं उलटं. निम्मा कागद समासातच जायचा, अक्षर मोत्यासारखं. लहानपणी उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे बोलणं हळू आणि अदबीचं. कागद देताना विचारायचे, "काय म्हणतात आमचे चेकरसाहेब? या आठवड्यात कुणाला उतरवलं गाडीतून?"

अण्णा त्यांच्याबद्दल म्हणायचे, "लई गोड बोलतो ह्यो माणूस. गोड बोलणाऱ्याचं तिकीट मी दोनदा बघतो."

'कावून' हा त्यांचा आवडता शब्द. आमच्याकडे सगळेच 'का' ला 'कावून' म्हणतात, पण अण्णांच्या तोंडी तो शब्द तिकीट मागायला काढलेल्या हातासारखा पुढे यायचा. कुणी म्हणालं, अण्णा, तब्येत बरी दिसते, तर "कावून? आधी काय ऐकलं होतं?" आष्टीला दिलेली त्यांची एकुलती लेक दिवाळीला आली आणि चार दिवस जास्त राहिली, तर हे तिला काही न विचारता सकाळच्या गाडीने आष्टीला तिच्या सासरी चौकशीला गेले. व्याह्यांनी जेवू घातलं, काही भांडण नाही म्हणून सांगितलं. अण्णा परत आले आणि बायकोला म्हणाले, "जेवण लई चांगलं केलतं. कायतरी हाय." काहीच नव्हतं. पोरीला आईजवळ राहावंसं वाटलं होतं, एवढंच.

पण हा संशय नुसता स्वभावातला विक्षिप्तपणा असता तर लोकांनी त्यांना वाचलं नसतं. त्या उन्हाळ्यात गावोगाव चारा छावण्या होत्या. आमच्या भागातल्या एका छावणीत शेकड्यांनी जनावरं असल्याचं तिथला चालक सांगायचा. पत्रकारांना त्यानं बोलावलं, दावणी दाखवल्या, जेवायला बसवलं. अण्णा पंगतीतून उठून छावणीच्या मागच्या अंगाला गेले. मी नव्हते, पण भाऊसाहेब होते, त्यांनी सांगितलेलं. अण्णा उकिरड्यापाशी धोतराचा सोगा वर धरून उभे होते.

"शेण बगा," ते म्हणाले.

"काय बघायचं शेणात?"

"कमी हाय. यादीत लिवलेली जनावरं चारा खात्यात, पर शेण टाकीत न्हाईत व्हय?"

पुढच्या मंगळवारी 'तिकीट दाखवा' मध्ये फक्त त्या उकिरड्याचं वर्णन होतं. आरोप एकही नाही. आठवड्याभरात शेजारच्या गावांतून हाकून आणलेली जनावरं रातोरात छावणीत वाढली, आणि अण्णांनी पुन्हा जाऊन शेण बघितलं. तेव्हा मी मनातल्या मनात मानलं होतं त्यांना. हा माणूस पुराव्याशिवाय बोट उचलत नाही, असं मला वाटायचं.

मग कारखान्याची निवडणूक लागली. नियम असा होता, की जो सभासद ठरावीक वर्षं कारखान्याला ऊस घालणार नाही त्याचं नाव मतदार यादीतून काढता येतं. एरवी हा नियम कुणाच्या खिजगणतीत नसे. पण दुष्काळात डोंगरपट्ट्यातल्या गावांत ऊस राहिलाच नव्हता. माणसंच ऊस तोडायला पश्चिमेकडं गेलेली, घरच्या रानात काय असणार? आणि नेमकी तीच गावं चेअरमनच्या विरोधात होती. अण्णांनी लिहिलं, 'दुष्काळाने सभासदाचा ऊस नेला. आता कारखाना त्याचं मतही नेणार काय?' त्या एका वाक्यावर प्रचार पेटला. वकिलांनी शेजारच्या रकान्यात उत्तर दिलं, की नियम हा नियम असतो आणि चेकरसाहेबांनी जन्मभर नियमावरच पोट भरलं. दोन महिने हे असं चाललं. शेवटी यादी छापून आली तेव्हा डोंगरपट्ट्यातली सगळी नावं जागच्या जागी होती. का राहिली, कुणाला कळलं नाही. अण्णांच्या बाजूचे म्हणाले, आपल्याला भिऊन राहिली.

त्याच गावांच्या मतांवर चेअरमनचं पॅनेल पडलं. वीस वर्षांनी. आमच्या ऑफिससमोर गुलाल एवढा उधळला की माझा कीबोर्ड लाल झाला.

निकालानंतरच्या सोमवारी वकील नेहमीच्या वेळेला आले. मला वाटलं होतं, मतमोजणीवर काहीतरी तक्रार असेल. मी टाइप करायला घेतलं आणि थांबून पुन्हा वाचलं. त्यांनी लिहिलं होतं, 'मी ज्यांच्या बाजूने लिहिलं ते हरले. हार मान्य आहे. या निवडणुकीत एक प्रश्न सगळ्यांच्या आधी अंबादास टेकाळे यांनी विचारला. मी त्यांची थट्टा केली. प्रश्न बरोबर होता, थट्टा चूक होती. त्यांचा पक्ष माझा नाही आणि होणारही नाही. तरी या माणसाला माझा नमस्कार.'

मी वर बघितलं. "साहेब, हे असंच जाऊ दे?"

"बिलकुल असंच. काना-मात्रा बघा फक्त."

दुसऱ्या दिवशी अंक निघाला आणि अकराच्या आत अण्णा ऑफिसात हजर. मंगळवारी ते कधी येत नसत. हातात अंकाची गुंडाळी.

"ह्ये छापलं कावून?"

भाऊसाहेब हसले. "अहो, मोठेपणा आहे त्यांचा. विरोधकाला नमस्कार करणारा माणूस आजकाल मिळतो का कुठं?"

"म्हणूनच म्हणतो. मिळत न्हाई, मग ह्यो कुठून आला?" ते खुर्चीत बसले नाहीत. "सकाळधरनं तीन फोन आले मला. आमच्याच पॅनेलचे. अण्णा, वकिलाचं अन् तुमचं कवापासून जमलं? मी काय सांगू बे त्यांना?"

अण्णांनी भाऊसाहेबांना 'बे' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून अण्णांनी तो नमस्कार तपासायला घेतला. वकिलाला आपल्या पॅनेलमध्ये फूट पाडायची असेल. नाहीतर पुढं जिल्हा परिषद आहे, त्याची ही पेरणी असेल. सोमवारी आले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा गाडीत बिनतिकिटाचा प्रवासी सापडल्यासारखा उजळला होता.

"सापडलं," ते मला म्हणाले. "सल्लागाराची जागा. जुनं मंडळ गेलं, त्याच्यासंगं जुना सल्लागारबी जाणार. नव्या मंडळानं परत नेमलं तरच राहणार. नमस्कार मला न्हवता, मालनबाई. नव्या चेअरमनच्या खुर्चीला होता."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आमच्या भागात कुणी कुणाला विनाकारण चांगलं म्हणत नाही, असंच बघत मी मोठी झाले होते. तरी टाइप करताना विचारलं, "अण्णा, पुरावा आहे का पण?"

"पुरावा मागून येतो."

त्यांच्या तोंडून हे ऐकून माझी बोटं थांबली. उकिरड्यापाशी उभा राहिलेला माणूस असं बोलला नसता. पण मी टाइप केलं. तेच माझं काम होतं.

तो लेख गाजला. आष्टीपासून वडवणीपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर लोक वाचून दाखवत होते. वकील पुढच्या सोमवारी आले, टँकरच्या खेपांवर लिहिलेला लेख दिला, आणि त्यात या प्रकरणाबद्दल एक अक्षर नव्हतं. मला नेहमीसारखं त्यांनी अण्णांबद्दल विचारलंही नाही. अण्णा म्हणाले, "गप बसला. म्हंजे लागलं."

आता मागून येणारा पुरावा आणायला ते कारखान्यावर गेले. वकिलाने नव्या मंडळाकडे जागेसाठी अर्ज केलेला असणार, तो आवक-जावक रजिस्टरात चढलेला असणार, असा त्यांचा हिशेब. आवक-जावकचा कारकून त्यांचा जुना प्रवासी, वर्षानुवर्षं पास काढून जाणारा. त्याने रजिस्टर समोर टाकलं.

गुरुवारी दुपारी अण्णा ऑफिसात आले तेव्हा भाऊसाहेब बाहेर गेलेले. ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. आधी पाणी मागितलं, मग नको म्हणाले.

"अर्ज न्हाई," ते म्हणाले. "कुठलाबी अर्ज न्हाई."

"बरं."

"राजीनामा हाय. यादी छापायच्या आधीचा. वकिलानं सल्लागारपद कवाच सोडलंय, मालनबाई. चेअरमनला नावं काढायची होती डोंगरपट्ट्यातली. त्याला वकिलाचा अभिप्राय अन् सही लागत होती. ह्यानं लिवून दिलं, की दुष्काळात पिकलं न्हाई हा सभासदाचा गुन्हा न्हाई, असली यादी माझ्या सहीनं जाणार न्हाई." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे ठेवले होते आणि त्यांच्याकडेच बघत होते. "सही मिळाली न्हाई म्हणून नावं राहिली. नावं राहिली म्हणून आमी निवडून आलो. अन् मी त्येला खुर्चीचा भुकेला म्हणलो. छापून म्हणलो."

मी म्हणाले, "मंगळवारी दुरुस्ती छापू की अण्णा. जे कळलं ते सगळं लिहा."

ते उठले, परत बसले. "तुमी चला माझ्यासंगं."

"कुठं?"

"वकिलाच्या घरी. साक्षीदार लागतो. उद्या तो म्हणायचा, टेकाळे आलाच नव्हता." एवढं सगळं होऊनही ते हे म्हणाले, याचं मला त्याही वेळी हसू आलं.

वकिलांचं घर जुन्या भाजी मंडईच्या मागे, वरच्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. अण्णांना बघून त्यांना काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही. "या. ताई, तुम्हीपण या," म्हणाले. दोघं समोरासमोर असे मी पहिल्यांदाच बघत होते. अण्णा उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर उभे राहिले.

"तुमचा राजीनामा बघून आलो."

वकिलांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "कुणी दाखवला, ते विचारत नाही. पण दाखवायला नको होता."

"मंगळवारी छापतो. सगळं. तुमी काय केलं अन् मी काय लिवलं."

"छापायचं नाही, अण्णा."

"कावून?"

"बसा आधी." अण्णा बसले नाहीत, म्हणून वकीलही उभेच राहिले. "चेअरमन माझे अशील होते. अशिलाने बंद खोलीत काय मागितलं, ते मी बाहेर सांगत नसतो. दुसरं, माझी माणसं आत्ता हरलेली आहेत. त्यांना कळलं की आपल्याच वकिलामुळे नावं राहिली, तर मला गद्दार म्हणतील. या वयात मला दुसरा पक्ष शोधायचा नाही."

"मग त्याच चेअरमनच्या बाजूनं लिवलं कसं तुमी? राजीनामा दिल्यावर?"

"पटलं नाही म्हणून सही दिली नाही. पण पक्ष एका सहीपुरता नसतो ना अण्णा. चाळीस वर्षं तिथंच आहे मी. तुम्ही विचारता ते बरोबर आहे. मलाही याचं धड उत्तर देता येत नाही."

अण्णा म्हणाले, "न छापलं तर मी खोटा ठरतो माझ्याच नजरेत."

"खोटे नाही. चुकलात. तेवढं छापा."

"चुकलो कसं, त्ये सांगितल्याबगर?"

"सांगितल्याबगर."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, साक्षीदाराकडे बघावं तसं. मग वकिलांकडे वळून हात जोडले. वकिलांनीही जोडले. एवढंच झालं. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा अण्णा म्हणाले, "ह्येच्यात त्याचा फायदा काय, सापडंना." आणि तीन पायऱ्या उतरून, "न्हाईच वाटतं."

त्या मंगळवारचं 'तिकीट दाखवा' मी आजपर्यंत टाइप केलेल्या मजकुरांत सगळ्यात लहान असेल. 'जहागीरदार वकिलांच्या नमस्काराविषयी मी जे लिहिलं ते चूक होतं. पुरावा नसताना लिहिलं. चूक कशी होती ते सांगता येत नाही, पण चूक होती. त्यांची माफी मागतो.' बाकी रकाना कोराच गेला. भाऊसाहेब म्हणाले, खाली एखादी जाहिरात टाकू. अण्णा म्हणाले, नको, राहू द्या.

कोऱ्या जागेत लोकांनी हवं ते वाचलं. 'सांगता येत नाही' म्हणजे काय? पाकीट पोचलं असणार. नाहीतर वकिलाने कोर्टाची नोटीस दाखवली असणार. अण्णांचेच पॅनेलवाले सगळ्यात आधी बोलायला लागले. बाजाराच्या दिवशी वडवणीत ते चालले की माणसं बोलणं थांबवायची. एका नव्या संचालकाने तर ऑफिसात येऊन मला विचारलं, "बाई, तुमी संगं गेलत्या म्हणे वकिलाकडं. काय ठरलं तिथं?" मी म्हणाले, काही ठरलं नाही. त्याने माझ्या हाताकडे बघितलं नाही, सरळ तोंडाकडे बघितलं आणि हसला. संशय घेणं काय असतं ते मला अण्णांकडून माहीत होतं. संशयिताच्या जागी उभं राहणं त्या दिवशी कळलं. अण्णा ते रोज सोसत होते, आणि एका वाक्यात सुटता येत असताना ते वाक्य बोलत नव्हते.

भाऊसाहेबांनाही मी काही सांगितलं नाही. आता अण्णा आणि वकील दोघंही हयात नाहीत, जुने चेअरमनही गेले, म्हणून सांगते आहे.

पुढच्या वर्षी नव्या मंडळाची पहिली सर्वसाधारण सभा कारखान्याच्या आवारात भरली. आम्ही बातमीसाठी गेलो होतो. ऊस नसल्याने कारखाना त्या हंगामात पेटलाच नव्हता. मंडप ऊस टाकायच्या गव्हाणीच्या समोरच घातलेला. अण्णांना रीतीपुरतं व्यासपीठावर कडेला बसवलं होतं. विषयपत्रिकेत शेवटून दुसरा एक ठराव होता. वाचणाऱ्याने तो घाईने वाचला. ऊस न घालणाऱ्या सभासदांची नावं कमी करण्याबाबत. फक्त गावं आता दुसरी होती, जुन्या चेअरमनच्या बाजूची. मंजूर, मंजूर असा गलका सुरू झाला.

अण्णा व्यासपीठावरून उठले आणि माइकपाशी गेले. "ह्या गावांत पाऊस पडलाय का?" त्यांनी विचारलं. "न्हाई ना? मग मागल्या साली जे चेअरमनला इचारलं, तेच तुमाला इचारतो."

मागून कुणीतरी ओरडलं, "वकिलानं शिकवून धाडलं का?"

"खाली बसा अण्णा!"

"किती मिळाले?"

त्या गलक्यात सभासदांच्या रांगांमधून जहागीरदार वकील उभे राहिले. काळा कोट नव्हता, साधा पांढरा सदरा. "मी सभासद आहे," ते म्हणाले. "टेकाळे म्हणतात त्याला माझा दुजोरा. ठराव मतदानाला टाका, हात मोजा."

दोघं एकाच बाजूने बोलताना बघून सभेला आनंदच झाला, संशय खरा ठरल्याचा आनंद. बघा, बघा, म्हणून लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते. पण हात मोजायची पाळी आली तेव्हा डोंगरपट्ट्यातल्या सभासदांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले नाहीत. आपली नावं गेल्या साली कशी जाणार होती ते ते विसरले नव्हते. ठराव पडला. व्यासपीठावरून उतरताना अण्णांना कुणी हात दिला नाही. वकील त्यांच्याकडे आले नाहीत, अण्णाही त्यांच्याकडे गेले नाहीत. दोघं वेगवेगळ्या जीपमधून परतले.

त्यानंतर अण्णांना कुठलंच पॅनेल आपलं म्हणत नव्हतं. सदर चालू राहिलं. जिल्हा परिषदेला त्यांनी वकिलांच्या उमेदवाराची अशी काही हजेरी घेतली की वकील कागद माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाले, "ताई, आमच्या चेकरसाहेबांना कुणी सांगा, मी एकदा नमस्कार केला होता." आणि खूश होऊन हसले.

अण्णांची बायको वारली, गुडघे गेले, आणि लेकीने त्यांना आष्टीला न्यायचं ठरवलं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते बीडच्या स्टँडवर, दुपारी. मी पालीच्या गाडीला थांबले होते. आष्टीची गाडी लागलेली, जावई ट्रंक टपावर चढवत होता, आणि अण्णा मागच्या बाकावर खिडकीशी बसलेले. खिडकीखाली जहागीरदार वकील काठी टेकून उभे. लांबून वाटलं, दोघांची जुंपली आहे. जवळ गेले तर आष्टीला पुढच्या वेळी कोण निवडून येणार यावर वाद चालला होता. वकील एक नाव घेत होते, अण्णा ते खोडून काढत होते.

मला बघून अण्णा म्हणाले, "बरं झालं तुमी आलात. साक्षीला." मग खिडकीतून वाकून वकिलांना विचारलं, "खरं सांगा, वकीलसाब. मला घालवायला आलात, का मी गेलो ह्याची खातरी करायला?"

"दोन्ही," वकील म्हणाले.

अण्णा एवढे मोकळे हसलेले मी पाहिले नव्हते. कंडक्टरने घंटी दिली. गाडी मागे सरकली, वळली, आणि फाटकाकडे निघाली. अण्णा बाकावर अवघडून पूर्ण मागे वळले होते आणि धुळीने भरलेली मागची काच तळहाताने पुसून बघत होते, वकील अजून उभे आहेत की निघून गेले.

वकील उभे होते.